तेवीस पॅनल आणि मागची भिंत

एकतीस वर्षं जमीन मोजलेल्या माणसाला स्वतःच्या घरातली एक खोली मोजता येत नाही, असं कोणी मला सांगितलं असतं तर मी त्याला चहाही न देता वाटेला लावलं असतं. आज तसं म्हणणारं आमचं भंडाऱ्याजवळचं अर्धं शहापूर आहे, आणि मी सगळ्यांना चहा देतो. का देतो, ते सांगायलाच बसलो आहे.

आमच्या पुढच्या खोलीची पूर्वेकडची भिंत ओली होती. पावसाळ्यात कोणाचीही भिंत ओली होते, आमची बाराही महिने ड्युटीवर असायची. रंग दिला की दोन महिन्यांत पोपडे. पोपडे खरवडले की खाली मागच्या वेळच्या रंगाचे पोपडे. याचं कारण मला पक्कं ठाऊक होतं. भिंतीच्या पलीकडे मनिरामचं अंगण आहे. मनिराम तलावावर मासे धरतो. त्याची ओली जाळी तो आमच्या भिंतीवर वाळत घालतो आणि ते पाणी भिंतीत मुरतं, असं मी अकरा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आलो होतो.

मी स्वतः मागं जाऊन पाहिलं होतं का? नव्हतं. त्यालाही कारण आहे, आणि ते माझ्या अब्रूशी निगडित असल्यामुळे थोडक्यात आटोपतो. घर बांधलं तेव्हा भिंतीमागची दीड फुटाची पट्टी मी आमची धरून चाललो होतो. एक दिवस मनिराम दारात येऊन म्हणाला, "साहेब, ते दीड फूट आमचं वाट्टे जी." मी मोजणी खात्यातला माणूस. मी म्हणालो, "तोंडी चालत नाही. रीतसर अर्ज करा, चलन भरा, तारीख येईल." त्यानं अर्ज केला, चलन भरलं. तारीख चौदा महिन्यांनी आली. स्वतःच्या घराची मोजणी स्वतः करायची नसते म्हणून दुसऱ्या तालुक्यातला माझाच एक सहकारी आला, अर्ध्या तासात मोजून मोकळा झाला, आणि पट्टी मनिरामची निघाली. माझ्याच खात्यानं, माझ्याच शेजाऱ्यांसमोर, माझ्याच घरचा चहा पिऊन मला हरवलं. त्या दिवसापासून मी त्या दीड फुटावर पाऊल ठेवलं नाही. याला मी हद्दीचा मान राखणं म्हणतो. माझी बायको सरिता याला फुगून बसणं म्हणते.

तर ही भिंत अशीच ओली राहिली असती, पण आमच्या रश्मीला दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. श्रावणात जावई आले. पुढच्या खोलीत बसले, भिंतीकडे पाहिलं, पाठ जरा पुढे घेतली आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "बाबा, पुण्याचे डॉक्टर ओळखीचे आहेत. तिथंच करू या." डॉक्टर भंडाऱ्यालाही आहेत आणि चांगले आहेत. जावई भिंतीबद्दल बोलत होते, हे मला कळलं, सरितालाही कळलं. नोव्हेंबरात सरिता लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली. माहेरच लेकीकडे निघालं, म्हणजे सगळं उलटं झालं. नात झाली. पंधरा दिवसांनी रश्मीचा फोन आला.

"बाबा, डॉक्टरबाई म्हणाल्या, ओल्या भिंतीच्या खोलीत बाळाला अजिबात ठेवू नका. भिंत सुकली असेल तर सव्वा महिना झाला की आम्ही दोघी येतो, दोन महिने राहतो. नाही तर आई एकटीच येईल."

मग सरितानं फोन घेतला. ती एवढंच म्हणाली, "मी काही म्हणत नाही." सरिता काही म्हणत नाही तेव्हा माणसानं ताबडतोब कामाला लागावं, हा आमच्या एकतीस वर्षांच्या संसाराचा अनुभव आहे.

मी कामाला लागलो. मोबाईलवर एक जाहिरात रोज यायची. एक माणूस कळकट भिंतीवर प्लास्टिकचे लांब लांब पॅनल चिकटवतो आणि दोन मिनिटांत खोली हॉटेलसारखी होते. मी ठरवलं, एक भिंत कशाला, चारही भिंती झाकून टाकू. नात आली की तिला ओलही दिसणार नाही आणि आजोबाचा आळशीपणाही. सव्वा महिन्याच्या नातीला यातलं काय दिसणार होतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी ही योजना सहज बोलून दाखवली. ती चूक होती. दादाजी आमचे निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणाले, "संगमरवरासारखे घेऊ नको धर्मेंद्र, घर बँकेसारखं दिसते. लोकं विड्रॉल फॉर्म मागतील." एकानं सांगितलं की पॅनलच्या मागं पाली संसार थाटतात. दुसऱ्यानं सांगितलं की त्याच्या साळ्याकडे पॅनलमागं विंचू निघाला होता. विंचवाचा तिसऱ्याच्या तोंडी गेला तोवर साप झाला होता. लाकडी रंग घ्या, राखाडी घ्या, घेऊच नका, असे सगळे सल्ले फुकट मिळाले. एकानंही "नीट मोजशील रे" असं म्हटलं नाही. मला असं कोण म्हणणार?

सोमवारी सकाळी मी खोली मोजली. नुसती फूटपट्टी लावली नाही, खोलीची मोजणी केली. चारही बाजू दोन-दोनदा घेतल्या. कोपरे काटकोनात आहेत का ते पाहायला दोन्ही कर्ण ताणले. पलंगाखाली सरपटत जाऊन चौथा कोपरा गाठला. मग पाठ धरली म्हणून थोडा वेळ तिथंच पडून राहिलो, आणि पडल्या पडल्या मनात बेरीज केली. चौदा फूट गुणिले बारा फूट. टेबलावर बसून प्रमाणात नकाशा काढला, उत्तर दिशेचा बाण दाखवला, चतुःसीमा लिहिल्या. पश्चिमेस गल्ली, उत्तरेस स्वयंपाकघर, दक्षिणेस ओटा, पूर्वेस मनिराम यांची जागा. खाली क्षेत्र लिहिलं, एकशे अडुसष्ट चौरस फूट. सवयीनं आरमध्येही लिहिलं, शून्य हेक्टर, शून्य पूर्णांक सोळा आर. इतकी देखणी खोली मी आयुष्यात मोजली नव्हती.

नकाशा घेऊन भंडाऱ्याला गेलो. पॅनलच्या दुकानाचे मालक भय्याजी. त्यांनी माझा कागद दोन्ही हातांनी धरला.

"साहेब, गिऱ्हाईक आमच्याकडे विडीच्या पाकिटावर माप लिहून आणते. तुमी तं नकाशाच आणला."

"एकतीस वर्षं हेच केलं," मी म्हणालो.

"मंग मी काय तपासू? एकशे अडुसष्ट फूट. एक पॅनल दहा इंच रुंद, दहा फूट लांब. एकवीस नग बसतात. तुटफूट धरून दोन जास्तीचे. तेवीस." मग ते कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून म्हणाले, "एक सांगून ठेवतो, लाकडी रंगाचा हा शेवटचा माल आहे. नवीन यायले महिना लागन. अन् कापलेला, चिकटवलेला माल वापस होत नाही."

"मोजणी माझी आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी इतक्या रुबाबात म्हणालो, की आता आठवलं तरी कानाच्या पाळ्या गरम होतात.

बुधवारी लिलाधर मिस्त्री आला. माणूस कामाचा, बोलणं कमी. तो म्हणाला, दारापासून सुरुवात करू, सुक्या भिंती आधी, ओली शेवटी. मला ते पटलं. मी पॅनल धरायचो, तो मागं चिकटवणी फासायचा आणि थापट्या मारून बसवायचा. दाराची भिंत झाली. खोली खरंच हॉटेलसारखी दिसायला लागली. मी फोटो काढला, पण सरिताला धाडला नाही, कारण तिला आल्यावर चकित करायचं होतं. जेवणानंतर खिडकीची भिंत घेतली. खिडकीच्या जरा पुढे गेलो आणि लिलाधर हात पुढे करून उभा राहिला.

"द्या जी."

"काय?"

"पॅनल."

मी वळून पाहिलं. ओट्यावर नुसता पुठ्ठा पडला होता. तेवीसच्या तेवीस संपले होते, आणि अजून अडीच भिंती उघड्या होत्या.

आम्ही दोघं खाली बसलो. लिलाधरनं नकाशा मागितला. बराच वेळ पाहिला. उत्तरेचा बाणसुद्धा पाहिला.

"साहेब, तुमी काय मोजून राहिले होते?"

"खोली."

"हे तं खालची फरशी मोजली. पॅनल तं भितीले लावाचे होते ना जी?" मग त्यानं वर बोट दाखवलं. "अन् उंची कुटी हाय?"

उंची कुठंच नव्हती. आता तुम्हीच सांगा, जमिनीला उंची असते का? मी नाकाडोंगरीचं जंगल मोजलं, कोंढ्याचे धानाचे बांध मोजले, दोन सख्ख्या भावांच्या मध्ये उभा राहून विहिरीचा अर्धा हिस्सा मोजला. एकतीस वर्षांत कोणीही मला "उंची किती?" असं विचारलं नव्हतं. लांबी गुणिले रुंदी झालं की पुढचा अर्जदार. मी इमानेइतबारे आमच्या फरशीवर पॅनल बसतील एवढाच माल आणला होता.

"किती लागतात?" मी विचारलं.

"पंचावन्न तरी."

भय्याजींना फोन केला. दुकानात हसू आवरण्याचे प्रयत्न चाललेले मला ऐकू येत होते. मग ते म्हणाले, "साहेब, दुसऱ्या रंगाचे देऊ का?" मी फोन ठेवला. पुण्याहून गाडी निघायला तेरा दिवस होते. माल यायला महिना. दोन तासांत ही बातमी विहारापर्यंत पोहोचली. कशी पोहोचली ते मला माहीत आहे, लिलाधर चहा प्यायला तिकडेच गेला होता. संध्याकाळी दादाजी खास भेटायला आले, खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "चौथीच्या पोरांकडून मी हे गणित करून घेत होतो रे." मी त्यांना चहा दिला. चहाची सुरुवात तिथून झाली.

दुसऱ्या दिवशी लिलाधरनं ओल्या भिंतीला हात लावला. एका जागी बराच वेळ ठेवला, मग खाली, मग वर.

"हे पावसाचं नाही जी. डिसेंबर चालू हाय. पाणी आताबी येऊन राह्यलं."

"मनिरामची जाळी," मी म्हणालो.

"जाळ्याचं पाणी इतकं वर कसं चढन? मागं जाऊन पाहा लागन."

मागं. बारा वर्षं ज्या दीड फुटावर मी पाऊल ठेवलं नव्हतं, तिथं. मी लिलाधरला सांगितलं, तूच जा. तो म्हणाला, "दुसऱ्याच्या आंगनात मालक असला तं बरं राह्यते." नातीचा फोटो मोबाईलवर समोरच होता, टोपी घालून डोळे मिटलेली ती. मी चप्पल घातली.

मनिराम तलावावर गेला होता. त्याची बायको रेवताबाई दारात बसून जाळ्याची तुटलेली घरं विणत होती. मी अंगणाच्या बाहेरूनच म्हणालो, "रेवताबाई, मागची भिंत पाहायची आहे. जरा आत येऊ का?"

तिनं मान वर केली नाही. "अर्ज आणला का?"

मी लिलाधरकडे पाहिलं. तो आभाळाकडे पाहत होता.

"तोंडी चालत नाही ना साहेब," रेवताबाई म्हणाली. "तुमीच सांगितलं होतं. रीतसर पाह्यजे."

मी घरी आलो आणि अर्ज लिहिला. खरंच लिहिला. "विषय : आपल्या मालकीच्या जागेत तात्पुरता प्रवेश मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून…" एकतीस वर्षं लोकांचे अर्ज वाचले, चुका काढल्या, परत पाठवले. स्वतः लिहिताना कळलं की "विनंती" हा शब्द लिहायला केवढा जड असतो. परत जाऊन तिच्यापुढे उभा राहिलो. तिला वाचता येत नाही, म्हणून मीच मोठ्यानं वाचून दाखवला. ती शेवटपर्यंत गंभीर होती. "आपला विश्वासू" आलं आणि तिला हसू फुटलं. ती इतकी हसली की हातातली सुई खाली पडली.

"या जी, या. तारीख नाही देत मी."

मी त्या दीड फुटावर पाय ठेवला. वर आमच्या गच्चीवरच्या टाकीचा पाइप भिंतीवरून खाली येत होता, आणि वळणापाशी त्याला चांगली बोटभर चीर गेली होती. तिच्यातून थेंब थेंब नाही, बारीक धारच भिंतीला लागून उतरत होती. पाइप आमचा. पाणी आमचं. खाली एक घमेलं ठेवलं होतं, काठोकाठ भरलेलं, आणि भिंतीवर कुठंही जाळं नव्हतं.

"हे घमेलं?" मी विचारलं.

"माहं हाय. रोज दोनदा भरते. वांग्याले टाकतो." तिनं अंगणातल्या वांग्यांकडे हात केला. त्या वांग्यांची भाजी मी दर हिवाळ्यात खातो. रेवताबाई टोपलीभर सरिताला आणून देते, आणि मी दर वेळी म्हणतो की वांगी फार गोड आहेत. "आता चीर वाढली, घमेल्यात मावत नाही. आधी पुष्कळ पाणी यातच पडे."

"किती वर्षं?"

"मोजनी झाली त्याच्या दुसऱ्या सालापासून."

"अहो, मग सांगायचं ना मला!"

रेवताबाईनं माझ्याकडे सरळ पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "सांगितलं होतं जी. तुमच्या फाटकापाशी. तुमी म्हनले, हद्दीबद्दल काही असन तं लेखी द्या. मले कोठी लिव्हता येते? सरिताबाईले सांगितलं असतं तं तुमचं दोघांचं भांडण लागलं असतं. मंग म्हटलं, घमेलं ठेवलं का झालं."

मला ते फाटक आठवलं. ती बोलत होती आणि मी कुलूप लावत होतो. पुढे काय म्हणते ते ऐकायला मी थांबलोच नव्हतो.

दुपारी मनिराम आला. मी त्याला जाळ्यांबद्दल विचारलं, म्हणजे जरा आडून विचारलं. तो म्हणाला, "जाळे? मोजनी झाल्यापासून मी तलावावरच वाळवतो. म्हटलं, साहेबाची भित ओली नाही झाली पाह्यजे." मी त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेलो.

पाइपचं वळण बदलायला लिलाधरला दहा मिनिटं लागली. अकरा वर्षांची ओल एका मुठीएवढ्या तुकड्यानं थांबली. मग खरं काम सुरू झालं. आतून-बाहेरून सगळा फुगलेला गिलावा काढला. बाहेरचा गिलावा करताना मनिरामनं शिडी धरली, मी घमेली उचलली, आणि रेवताबाईनं त्या दीड फुटात उभं राहून आम्हा तिघांनाही सूचना दिल्या. त्यांच्या घरातली कोळशाची शेगडी आमच्या खोलीत आली. दारं-खिडक्या उघड्या, पंखा चालू, शेगडी धगधगती, आणि मी भिंतीसमोर खुर्ची टाकून बसलेलो, जणू ती तापानं फणफणली आहे आणि मी उशाशी आहे. रेवताबाई रोज सकाळी येऊन भिंतीला गाल लावायची. हातापेक्षा गालाला ओल लवकर कळते म्हणे. रोज मान हलवायची, "अजून नाही." बाराव्या दिवशी तिनं गाल लावला, डोळे मिटले, आणि म्हणाली, "आना जी लेकराले."

मी पुण्याला फोन लावला तेव्हा माझा आवाज कापत होता. रश्मीनं विचारलं, "बाबा, सर्दी झाली का?"

आता थोडं मनातलं सांगतो. माझी मोजणी बरोबर आली असती, तर पंचावन्न पॅनल आले असते. चारही भिंती दोन दिवसांत झाकल्या असत्या. मी फोटो काढून पुण्याला धाडला असता आणि सरिता, रश्मी आनंदानं बाळाला घेऊन आल्या असत्या. पॅनलमागं ती धार तशीच उतरत राहिली असती, आणि माझी नात तिच्यापासून हातभर अंतरावर झोपली असती. या विचारानं अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. म्हणून मी त्या चुकलेल्या गुणाकाराचा ऋणी आहे. लिलाधरचा आहे, ज्यानं पॅनल संपले तरी दुसऱ्या दिवशी येऊन भिंतीला हात लावला. मनिरामचा आहे, ज्यानं न मागता आपली जाळी हलवली. आणि रेवताबाईचं काय सांगू? मी तिच्याकडे लेखी मागितलं, आणि ती अकरा वर्षं दिवसातून दोनदा माझं पाणी उचलत राहिली.

पॅनल मात्र खिडकीच्या पुढे तसेच अर्ध्यावर थांबले आहेत. तिथून पुढे साधा पिवळसर रंग. लोक विचारतात, ही नवीन डिझाइन का? मी हो म्हणतो. दादाजी आले की त्यांच्यासमोर मात्र गप्प बसतो.

सरिता आणि रश्मी नागपूरहून गाडी करून आल्या, दुपारी तीनच्या सुमारास. रश्मी दारातच थांबली, पॅनलकडे पाहिलं, खिडकीपर्यंत पाहिलं, आणि हसायला लागली. "बाबा, हे अर्धंच काहून?" मी म्हणालो, नंतर सांगतो. बाळ पलंगावर ठेवलं. ते दोन्ही मुठी आवळून झोपलं होतं.

सरितानं पॅनलकडे पाहिलंच नाही. ती सरळ पूर्वेकडच्या भिंतीपाशी गेली. तळवा टेकवला, मग दुसरा तळवा, मग खाली वाकून पायथ्याशी. एवढा तर मी मोजणीच्या निकालाच्या दिवशीही घाबरलो नव्हतो.

"कोरडी आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते. "मले रेवताबाईनं फोनवर सारं सांगितलं. तुम्हाले मले चकित करायचं होतं म्हणून मी बोलली नाही. अवो, बारा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही या भिंतीच्या मागं गेले."

"हो," मी म्हणालो. "मागं माणसं राहतात, सरिता."

तिनं झोपलेली नात अलगद उचलली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "चला. आधी त्यांना दाखवू."